वाहवा

दहावा आटोपून घाटावरून घरी आल्यावर शैलजाने कवितांचं ॲप उघडलं. बाबा गेले त्या दिवशी तिने तिथे एवढंच लिहिलं होतं, 'माझे बाबा आज गेले. काही दिवस कविता टाकणार नाही.'

खाली चारशे कमेंट साचल्या होत्या. 'वा, मस्तच!' 'काय कल्पना आहे, ताई!' 'पुढचा भाग लवकर टाका.'

तिला शिसारी आली. "माणसं आहेत की गिधाडं? बापाच्या मरणावर वाहवा करतात मेले!"

"अगं, वाचतंय कोण?" नवरा म्हणाला. "कमेंट टाकणाऱ्याला दर कमेंटमागे एक टोकन मिळतं, टोकनं विकली की पैसे. आपला मिक्सर त्यातूनच आला ना?"

ती ॲप काढूनच टाकणार होती, तेवढ्यात तिला एक वेगळी कमेंट दिसली. साताऱ्याच्या एका बाईंनी लिहिलं होतं, 'शैलजाताई, धीर धरा. गेल्या महिन्यात माझा मुलगा गेला, तेव्हा तुम्हीही आवर्जून लिहिलं होतंत.'

शैलजाला काही आठवेना. तिने घाईघाईने त्या बाईंची पोस्ट शोधली. मुलाच्या फोटोखाली पहिलीच कमेंट तिची होती.

'क्या बात है! असंच लिहीत राहा.'