दुपारचं घर

शेवटचं पातेलं घासून पालथं घातलं, तरी झुंबरबाई मोरीतून उठेना. एक वाक्य सकाळपासून तोंडाशी येत होतं आणि बाहेर पडायला लाजत होतं.

दीपनगर कॉलनीतलं हे तिचं शेवटचं घर. धुणीभांडी करणाऱ्या बायका घर 'धरतात' आणि घर 'सोडतात'. झुंबरबाईने फाट्यापलीकडे स्वतःच्या दोन खोल्या बांधल्या, त्यावर पत्रे टाकले, आणि ते कर्ज फेडायला कॉलनीतली सहा घरं धरली. एक घर उभं करायला सहा घरं! मीठमिरची नवऱ्याच्या, पुनाच्या, पंक्चरच्या दुकानावर निघायची. कर्ज फिटलं तेव्हा पुनाला वाटलं, आता बाई साडी घेईल. बाईने पोस्टाचा रस्ता धरला. पोस्टातलं व्याज एका घराच्या पगाराएवढं झालं की एक घर सोडायचं, असा तिचा हिशेब. बरोबरच्या बायका हसायच्या. "झुंबर पेन्शनीत चालली," म्हणायच्या. ती पण हसायची, आणि वर्षा-दोन वर्षांनी आणखी एक घर सोडायची.

पदराला हात पुसत ती स्वयंपाकघराच्या दारात आली. प्रमिलाबाई मेथी निवडत बसल्या होत्या.

"वहिनी, उद्यापासून मी येनार नही."

"गावाला चाललीस?"

"नही. घरीच हाये. काम सोडलं."

प्रमिलाबाईंच्या हातातली काडी तशीच राहिली. "अगं, एवढ्यात? अजून हातपाय चांगले चालताहेत तुझे."

"चालता म्हनूनच सोडलं."

 प्रमिलाबाई वाईट बाई नव्हत्या. दिवाळीला नवं लुगडं देत, शिळं कधी देत नसत. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "संध्या येतेय बाळंतपणाला. होळीपर्यंत तरी थांब. पगार दुप्पट घे."

झुंबरबाईचा जीव पाघळला. संध्या दोन वेण्या घालून शाळेत जायची तेव्हापासून तिने या घरची भांडी घासली होती. आणि दुप्पट पगार! तेवढ्यात दारापुढे पडवी झाली असती. पडवी तिला तिथेच, मेथीच्या जुडीपलीकडे, दिसायला लागली. चार लाकडी खांब, वर पत्रा, खाली गार सावली, सावलीत बाज. बाजेवर मात्र कुणी नव्हतं. तिने डोळे बारीक करून पाहिलं, तरी बाज रिकामीच.

तिच्या लक्षात आलं, होळीपर्यंत थांबलं की पुढे पापड-कुरडयांचे दिवस लागतात. मग बाळाचे दात येतात. मग ते रांगतं, आणि रांगणारं बाळ टाकून कोण जातं? आपल्याला नाही जमायचं, एवढं तिला स्वतःबद्दल ठाऊक होतं. सुटायचं असेल तर आत्ताच नाही म्हणायला हवं, आणि नाही म्हणताना रडू येत होतं.

"बाळ पाहाले येईन मी," ती म्हणाली. "बाहेरच्या खोलीत बशीन. चहा घेईन. कपबशी नही धुवायची."

 प्रमिलाबाईंना हसू आलं, आणि डोळेही भरले. "ये हो. पण घरी बसून करशील काय दिवसभर?"

झुंबरबाईने खरंच विचार केला.

"वहिनी, माझ्या घरात दुपारी ऊन कुठी येतं, ते मले ठाऊक नही. पयले ते पाहीन."

रोज ती वरकाम उरकून दिवस मावळता निघायची; आज निघाली तेव्हा दुपार भरात येत होती. रस्त्यावर कुणी नव्हतं. चिमण्यांचा म्हणजे विजेच्या कारखान्याच्या धुराड्यांचा धूर सरळ वर जाऊन तिथेच थबकल्यासारखा दिसत होता. फाट्यावर पुना एका सायकलची ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता. त्याने मान वर केली, तिला पाहिलं, आणि काही न विचारता पुन्हा मान खाली घातली. त्याला कळलं होतं. खाली बघून तो हसत होता.

तिने कुलूप काढलं. भरदुपारी हे कुलूप तिने कधी काढलं नव्हतं. दार ढकललं आणि आतून एकदम फडफड झाली.

घरात पाखरं होती. खऱ्या चिमण्या. पत्र्याच्या आणि भिंतीच्या फटीतून आल्या असाव्यात. काही चुलीपाशी होत्या, काही सकाळच्या ताटावर, दोन वरच्या दोरीवर. तिला बघून सगळ्या आढ्याला जाऊन बसल्या आणि माना वाकड्या करून खाली बघू लागल्या. ही कोण बाई आली आता, अशा.

ऊन त्याच फटीतून येत होतं. एक लांब, पिवळी पट्टी मागच्या भिंतीवरून उतरून जमिनीपर्यंत आली होती आणि तिच्यात धूळ सावकाश फिरत होती. बाहेर कोंबडं आरवलं. लांब कुठेतरी मालगाडी जात होती, खूप वेळ जात होती. सकाळचं ताट तसंच खरकटं पडलेलं होतं. झुंबरबाईचा हात सवयीने तिकडे गेला आणि परत आला.

ती आवाज न करता उन्हाच्या कडेला बसली. पाय पसरले. बराच वेळ हललीच नाही. मग एक चिमणी दोरीवर उतरली. मागून दुसरी. एक थेट ताटाच्या काठावर येऊन बसली, आणि उडू की राहू अशी तिच्याकडे पाहू लागली.

"बस वं, बस," झुंबरबाई अगदी हळू म्हणाली. "मीबी बसालेच आली हाये."