भिंतीपलीकडचं पान

ती लिफ्ट दुरुस्त करायची. कामासाठी सतत फिरती असली, तरी रोज सकाळी डायरीचं एक पान लिहिल्याशिवाय ती खोलीबाहेर पडत नसे. अकरा वर्षांत एकही दिवस चुकला नव्हता.

एकदा एका लॉजमधल्या खोलीत लिहिताना ती शब्द आठवायला थांबली, तरी कागदावर पेन फिरल्याचा आवाज चालूच राहिला. तिनं भिंतीला कान लावला. पलीकडे कुणीतरी भराभर लिहीत होतं.

खाली जाऊन तिनं मॅनेजरला विचारलं, "शेजारी कोण उतरलंय? मी लिहायला बसले की पलीकडूनही लिहिल्याचा आवाज येतो."

तो चपापला. "ताई, तिकडे खोलीच नाही. चौथ्या मजल्यावरची बाहेरची भिंत आहे ती. तिथं लिहायला बसू नका. खोली बदलून देऊ का?"

"मुळीच नको. माझं पान अर्धं राहिलंय."

वर येऊन तिनं खुर्ची मुद्दाम भिंतीला खेटून ठेवली. अक्षर वेडंवाकडं येत होतं, तरी ती लिहीत राहिली. "काय लिहायचं ते लिही," ती भिंतीला म्हणाली, "मी काही उठणार नाही." शेवटच्या ओळीपर्यंत लिहून तिनं ठसठशीत पूर्णविराम दिला.

आवाज थांबला.

मग भिंतीपलीकडे पान उलटल्याची सळसळ झाली.

तिनंही पान उलटलं.