गोवराचा रविवार

"या बाकावर," हायड्रुनने बाकाच्या पाठीवर तळवा टेकवला, "त्या रविवारी मी एकटी बसले होते. ही शेजारची जागा माझ्या मैत्रिणीची. ती गोवराने आजारी होती, नाहीतर दोघी बसलो असतो."

पर्यटकांनी त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. जर्मनीतल्या विटेनबर्गला येणारी माणसं सकाळभर धर्मसुधारक ल्यूथर बघून दमलेली असतात. त्याचं घर झालं, त्याने जाहीरनामा ठोकला ते दार झालं, त्याचं तोंड छापलेले मोजेही पिशवीत पडले, की बाजारामागच्या या लहान चर्चमध्ये जरा टेकायला येतात. तिथे हायड्रुन त्यांना गाठते आणि आपली गोष्ट सांगते.

गोष्ट कम्युनिस्टांच्या अमलातली. चौदाव्या वर्षी मुलांनी सरकारची शपथ घ्यायची. जो घेईल त्याचं चर्चमध्ये दृढीकरण, म्हणजे मोठ्यांच्या बरोबरीने मंडळीत घेण्याचा विधी, नाही, आणि जो घेणार नाही त्याचं पुढचं शिक्षण बंद. त्या रविवारी सगळा वर्ग शपथेला नगरभवनात गेला. गेल्या नाहीत त्या दोघीच, हायड्रुन आणि या चर्चच्या पाळकांची मुलगी आनेग्रेट. हायड्रुनला डॉक्टर व्हायचं होतं. ती इस्पितळाच्या धुलाईघरात लागली आणि चादरी धूत धूत म्हातारी झाली.

आईने तेव्हा किती गयावया केली होती. "चार ओळी म्हणून ये गं पोरी, देवाला कळतं सगळं." मग पाळक क्रोनमायर स्वतः त्यांच्या स्वयंपाकघरात येऊन बसले. पुढ्यातल्या केकला त्यांनी हातसुद्धा लावला नाही. "माझी मुलगीही जाणार नाही, बाई," ते म्हणाले. "दोघी एकमेकींच्या आधाराने उभ्या राहतील." मग आईने हट्ट सोडला.

पण त्या रविवारी हायड्रुन चर्चमधून घरी आली, तेव्हा आई दारातच उभी होती. "गोवर म्हणे! गोवर झाला की पडदे ओढून खोलीत अंधार करतात. तिच्या खोलीच्या खिडक्या सताड उघड्या आहेत. आत्ता बघून आले."

हायड्रुनने त्या दिवशी आईला मनातून जे काढून टाकलं, ते कायमचं. पुढे वर्षानुवर्षं दोघी एकाच टेबलाशी जेवल्या, पण मीठ दे आणि पाव दे यापलीकडे बोलणं नाही. पाळकांसारख्या देवमाणसावर संशय घेते म्हणजे काय! आई मेली तेव्हाही हायड्रुनच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही.

पर्यटक बाहेर पडले. मागच्या बाकावर एक पांढऱ्या केसांची बाई तेवढी बसून राहिली होती.

"हायडी," ती म्हणाली.

त्या नावाने हाक मारणारं आता जगात कुणी उरलं नव्हतं. "आनेग्रेट? अगं मेले, कुठे होतीस इतकी वर्षं?" हायड्रुनने तिला मिठीच मारली. त्याच उन्हाळ्यात आनेग्रेट लाइपझिगला मावशीकडे राहायला गेली होती, आणि त्यानंतर दोघींची गाठच पडली नव्हती.

"बाबांच्या कबरीवर जाऊन आले," आनेग्रेट डोळे पुसत म्हणाली. "ताजी फुलं होती गं! जागेच्या भाड्याची मुदत संपली तेव्हा तूच वाढवून घेतलीस म्हणे. नाहीतर दगड काढून, जमीन सपाट करून मोकळे झाले असते. आम्ही पोटची मुलं, पण आमच्या ध्यानातही नाही. तुझे उपकार कसे फेडायचे?"

"उपकार कसले? त्यांच्यामुळेच तर मी उभी राहिले." हायड्रुनचा चेहरा उजळला होता. "तू सांग. पाळक एवढंच म्हणायचे, दवाखान्यात सेवा करते. म्हणजे नर्स होतीस?"

"लहान मुलांची डॉक्टर."

हायड्रुन हसली. मग हसू अर्ध्यावरच थांबलं. "डॉक्टर? शपथ न घेता तुला होऊ दिलं?"

आनेग्रेट तिच्याकडे बघतच राहिली. "म्हणजे बाबांनी तुला शेवटपर्यंत सांगितलं नाही? मघाशी तू ते गोवराचं सांगत होतीस, तेव्हा मला वाटलं, माझी लाज झाकते आहेस." तिने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "त्या रविवारी मी लाइपझिगला होते, हायडी. शपथ तिथे घेतली. मावशीने निळा झगा शिवला होता. बाबा म्हणाले, गावात कुणाला सांगू नकोस, हायड्रुनचा धीर सुटेल."

"आणि गोवर?"

"मला गोवर कधी झालाच नाही."

दोघी दफनभूमीकडे निघाल्या. आनेग्रेट सारखं काहीबाही बोलत होती, क्षमा मागत होती, तेव्हाच्या दिवसांना दोष देत होती. हायड्रुनच्या कानांत काहीही शिरत नव्हतं. फाटकाशी तिने सवयीने झारी उचलली, नळाखाली भरून घेतली. पाळकांच्या कबरीशी आनेग्रेट थांबली. हायड्रुन थांबली नाही. ती तशीच पुढे, भिंतीजवळच्या मोकळ्या गवतापर्यंत गेली.

दोन्ही कबरींची मुदत एकाच वर्षी संपली होती. आईची पण वाढवायची का, असं तिथल्या माणसाने विचारलं, तेव्हा हायड्रुनच म्हणाली होती, "नको. एकच पुरे."

झारी काठोकाठ भरलेली होती. पाणी नेमकं कुठे घालायचं, ते आता तिला सांगणारं कुणी नव्हतं.