जो बसणार त्याचं वजन

“गाडी आपल्या चारी चाकांवर टेकल्याशिवाय शेवटचा नट आवळायचा नाही, हेस्टर. आणि आवळताना, जो बसणार तो बसलेला हवा.”

वडिलांना जाऊन नऊ वर्षं झाली होती, पण गॅरेजच्या खड्ड्यात उतरून पाना हातात घेतला की हेस्टरला त्यांचा आवाज ऐकू येई. चाकं अधांतरी असताना नट पिळला, तर सांध्यात बसवलेला रबरी बुश जन्मभर पिळलेलाच राहतो आणि लवकरच फाटतो. हे ती मनोमन रोज म्हणे, जेवणाआधीच्या प्रार्थनेसारखं.

डोक्यावर प्रॉबर्टांची साठीला आलेली हिरवी गाडी होती. दोनच माणसांची, छप्पर मागे दुमडलेली. पुढच्या चाकांचे हादरे झेलणारे, तेल गळणारे जुने शॉक काढून हेस्टरनं नवे बसवले होते. स्प्रिंगा मऊ घातल्या होत्या. राहिले होते ते चार नट.

काम ओल्वेन प्रॉबर्टनं फोनवरच सांगितलं होतं. “पाठीचं ऑपरेशन झालंय. डॉक्टर म्हणतात, गाडी चालवा, पण हादरे नकोत. आणि मी नेस्टाला शब्द दिलाय. नव्वदी पुरी होईल त्या दिवशी ह्याच गाडीतून तुला समुद्रावर फिरवीन म्हणून. शनिवारी सकाळी हवी.”

नेस्टा म्हणजे तिची थोरली बहीण. डोंगरांपलीकडे, समुद्रकाठच्या ॲबरडोवीच्या वृद्धाश्रमात असते.

शनिवारी सकाळी आला तो मात्र गिल्बर्ट, ओल्वेनचा नवरा. आला आणि थेट चालकाच्या जागी जाऊन बसला.

“मिसेस प्रॉबर्ट कुठायत?” हेस्टरनं खालून विचारलं.

“झोपलीय. उठवली नाही. नेस्टाला मीच फिरवून आणतो. शब्द पाळला गेल्याशी कारण.” त्यानं स्टिअरिंगवरून हात फिरवला. “अकरा वर्षं जुन्या गाड्यांच्या क्लबाचा कप घेतोय मी ह्या गाडीवर. कारखान्यातून आली तशीच्या तशी, स्क्रूसुद्धा बदलला नव्हता. आणि तू तिला नवे गुडघे बसवलेस. परीक्षक वाकून बघतील आणि माझ्याशी बोलणं टाकतील.”

“सुखच की मग. नेस्टाबाई केवढ्या आहेत वजनानं?”

“सात स्टोन. टोपीसकट.”

हेस्टरनं बाजूच्या सीटवर अंदाजानं ठेवलेलं बटाट्यांचं पोतं तेवढंच, पंचेचाळीसेक किलोंचं होतं. ती पुन्हा खाली वाकली. पहिल्या नटाला पाना लावला आणि तसाच धरून राहिली. हात पुढे जाईना. वजन होतं, पण बसलेला माणूस हवा तो नव्हता.

तेवढ्यात अंगणात शेजारच्या शेतकऱ्याची जीप थांबली. मग काठीचा आवाज, सावकाश, फरशीवरून खड्ड्याच्या काठापर्यंत. वर बघायची गरज नव्हती.

“ऊठ, गिल.”

“ओली, अगं तू पडून राहायचं सोडून—”

“सात आठवडे पडलेच होते. ऊठ.”

“मी जातो ना! कुणी फिरवलं ह्यानं नेस्टाला काय फरक पडतोय?”

“नेस्टाला तू आवडत नाहीस. लग्नापासून सांगतेय.”

गिल्बर्ट हसला नाही. स्टिअरिंगही त्यानं सोडलं नाही. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाला, “डोंगरात कुठं पाठ धरली तर? एकटीच असशील तू. मी कुठं शोधू?”

खड्ड्यातून हेस्टर बोलली. तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता.

“नाही धरणार, मिस्टर प्रॉबर्ट. काम मी केलंय.”

गिल्बर्ट दाराला धरून उतरला, तशी गाडी बोटभर वर आली.

“बघ,” ओल्वेन म्हणाली, “तिलासुद्धा हायसं वाटलं.”

मग ती बसली. बसायला तिला वेळ लागला. आधी काठी आत, मग एक पाय, मग दातांवर दात, मग दुसरा. गिल्बर्टचा हात पुढे झाला आणि तिच्या कोपराखाली न टेकता तसाच थांबला. ती नीट टेकल्यावर गाडी पुन्हा खाली आली, पण थोडीशीच. हेस्टरला खालून ते थोडंसं स्पष्ट दिसलं.

“हलू नका, मिसेस प्रॉबर्ट.”

“आता कोण हलतंय!”

हेस्टरनं चारही नट आवळले. एकेक, दम घेऊन, हाताला पुरे वाटेपर्यंत आणि वर पाव फेरा. वर येऊन दोरी लावून चाकं सरळ आहेत ना ते पाहिलं. पोतं उतरवलं, सीटवरची माती झटकली.

ओल्वेननं त्या सीटवर एक घोंगडी पसरली, चारही कोपरे नीट खोचले. गिल्बर्टकडे वळून म्हणाली, “सूप चुलीवर आहे. ढवळ.” आणि गाडी सुरू केली.

गल्लीच्या टोकाला, गुरं बाहेर जाऊ नयेत म्हणून रस्त्यातच आडवी बसवलेली लोखंडी गजांची जाळी होती. तिच्यावरून जाताना पोस्टमनसुद्धा सीटवरून अर्धा उठत असे. गिल्बर्टनं हेस्टरची बाही पकडली.

गज खडखडले. ओल्वेनचं पांढरं डोकं सरळ रेषेत पुढे गेलं, काठोकाठ भरलेला पेला कुणी हातातून न्यावा तसं. मग गाडी पश्चिमेच्या रस्त्याला वळली.