गळ्यातला बिल्ला

“पदर जरा बाजूला करा, आई.”

“घे, पाह्य.” केसरबाईंनी पदर सरकवला. मानेवरून काळा दोरा उतरून झंपरात गेला होता. “आता का सारे कपडे काढून दाखवू? माही मोटार जाईन!”

अनुराधानं मान हलवली. दोरा होता, म्हणजे बिल्लाही होता.

केसरबाई सौंसरला निघाल्या होत्या, भावाच्या, भगवंतरावांच्या, नातीच्या साक्षगंधाला, साखरपुड्याला. अनुराधाचा नवरा श्रीकांत ट्रेनिंगसाठी छिंदवाड्याला गेलेला, आणि दोन वर्षांची पिंकी रात्रीपासून तापानं फणफणलेली. सासूला एकटं पाठवायला अनुराधाचं मन घेत नव्हतं.

कारण केसरबाईंचं पोट चारचौघींसारखं राहिलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्यांचं वजन एकशे अठरा किलो होतं. झोपेत श्वास अडकायचा. मुंबईच्या एका डॉक्टरनं ऑपरेशन करून पोट मुठीएवढं करून ठेवलं आणि वजन उतरलं. निघताना त्यानं बजावलं होतं, दुखण्याची गोळी किंवा पुडी आता जन्मात नाही. तरी पोळ्याच्या सुमारास गुडघे ठणकले आणि केसरबाईंनी पानठेल्यावरून पुड्या आणून गुपचूप खाल्ल्या. चौथ्या दिवशी रक्ताची उलटी झाली. नागपूरला नेईपर्यंत बाईंच्या ओठांचा रंग गेला होता.

“या वेळी निभावलं,” तिथला डॉक्टर म्हणाला होता. “पुन्हा झालं तर इथवर पोहोचणार नाहीत.”

बरं, स्वतः चार लोकांत सांगतील तर तेही नाही. जाडी उतरवायला पोट फाडलं म्हटल्यावर भावकीतल्या बाया हसतील, म्हणून ऑपरेशनची गोष्ट घराबाहेर गेलीच नव्हती. कुणी विचारलं तर केसरबाई ठसक्यात सांगायच्या, “शनवारचे उपास पकडले नं!”

म्हणून अनुराधानं बिल्ला करून घेतला. बाजारात भांड्यांवर नावं घालणाऱ्या गुणवंताकडून रुपयाएवढ्या स्टीलच्या चकतीवर कोरून घेतलं : पोटाचे ऑपरेशन झाले आहे. दुखण्याचे औषध देऊ नये.

“लोकाईच्या गंजावर नावं घातले बाई,” गुणवंता मशीन थांबवून म्हणाला होता, “माणसावर घालाची ही पहिलीच पाळी.”

केसरबाई मात्र उसळल्या. “मी का म्युनिसिपालटीचं कुत्रं हावो, बिल्ला घालून फिराले?”

चार दिवस समजावून अनुराधा थकली. पाचव्या दिवशी जामसांवलीला जाऊन आली आणि बिल्ला पुढं करत म्हणाली, “झोपल्या मारुतीच्या पायाला लावून आणला, आई. हा गळ्यात आहे तोवर यमाची हिंमत नाही.”

खरं तर बिल्ला पर्समधून बाहेरही निघाला नव्हता. बी.एस्सी. झालेल्या बाईनं असं बोलावं, तिचं तिलाच कसंतरी झालं. पण केसरबाईंनी बिल्ला कपाळाला लावला आणि काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातला. त्यानंतर आंघोळीलाही काढला नाही. पिंकीच्या गळ्यात त्यांनी बारशालाच असाच काळ्या दोऱ्यात तांब्याचा ताईत बांधला होता, तो अनुराधानं कधीचा चालवून घेतलेला. फिटंफाट झाली.

आज सकाळपासून त्या नातीला मांडीवर घेऊनच बसल्या होत्या. आत अनुराधा त्यांच्यासाठी पातळ पेज करत होती. पेज घेऊन बाहेर आली तेव्हा पिंकीला फलालिनीचं झबलं घालून, शालीत गच्च गुंडाळून झालं होतं.

“दुपारवरी उघडू नोको तिले, घाम सुटू दे,” त्या पायरी उतरताना म्हणाल्या. मग वळून हसल्या. “अन् रडू नोको. माह्या नातीले आता काही होत नाही.”

दुपारी एकला कडी वाजली. दारात भगवंतरावांचे शेजारी रामाजी उभे होते, संत्र्याच्या कामानं सौंसरहून इथं पांढुर्ण्याला आलेले.

“घाबरू नोका बाई. केसरबाई सौंसरच्या स्टँडवर पडल्या. पाय मुरगळला, बाकी काही नाही. डॉक्टरनं पाहिलं, दुखाची सुई देल्ली, गोळ्याबी देल्ल्या पाच दिवसाच्या.”

अनुराधा उंबरा ओलांडून पुढं आली. “गोळ्या? घेतल्या त्यांनी?”

“दोन त तिथंच घेतल्या. साक्षगंधात बसाचं हाय म्हणे, लवकर उतार पडला पाह्यजे.”

“आणि गळ्यातलं? त्यांच्या गळ्यात काळा दोरा आहे, रामाजी. डॉक्टरांनी पाहिला का?”

“पाह्यला नं! म्या तिथंच उभा होतो. डॉक्टरनं हातात धरून उलटापालटा केला, अन् ठेवून देल्ला वापस.”

“नीट आठवा. हातात घेतला?”

“आता का शपथ घेऊ का बाई? घेतला म्हणतो नं. हासलाबी जरासा.”

अनुराधाचा जीव भांड्यात पडला. डॉक्टरनं पाहिला म्हणजे वाचला. म्हणजे ती सुई, त्या गोळ्या वेगळ्या असणार, तसल्या पोटाला चालणाऱ्या. हसला कशाला असेल? गुणवंताची ती पातेल्यावरची अक्षरं पाहून कुणीही हसेल.

“बसा, चहा टाकते,” ती म्हणाली. “पोरीला कोरडं करते आणि तुमच्याबरोबरच निघते.”

ती आत आली. पिंकी जागी होती, शांत. कपाळ गार लागत होतं. घाम फुटून ताप पार उतरला होता. अनुराधानं शाल सोडली, बंद सोडले, ओलं झबलं डोक्यावरून काढलं.

पिंकीच्या उघड्या छातीवर, ताईताच्या जागी, काळ्या दोऱ्यात, स्टीलचा बिल्ला घामानं चिकटून बसला होता.