गच्चीचे एकवीस दिवस

अभियंता निखतने गच्चीच्या स्लॅबला यंत्र टेकवलं. काँक्रीट ओतल्यावर त्याला किती दिवस पाणी मिळालं, हे ते यंत्र पन्नास वर्षांनंतरही सांगायचं. शेजारच्या चार इमारतींना जेमतेम चार-चार दिवस मिळालं होतं. त्या कालच धोकादायक ठरल्या होत्या. इथल्या सोळा कुटुंबांनीही धास्तीने सामान बांधायला घेतलं होतं.

खालच्या मजल्यांसारखाच इथेही पडद्यावर आकडा आला. एकवीस.

"इतकं पाणी मारलं कोणी?" निखत पुटपुटली.

"मी," मागून हौसाबाई म्हणाल्या. इमारत बांधताना त्या इथे मजूर होत्या. पुढे नवरा इथेच वॉचमन झाला आणि त्या राहिल्या. "मुकादम म्हणायचा, सात दिवस पुरे. पण तेव्हा थोरली पोटात होती. तापल्या सिमिटावर पाणी पडलं की असा वास सुटायचा, मला त्याचेच डोहाळे लागले बघ. मग काय, रोज बादल्या घेऊन वर यायची."

निखत हसली. "आमचं काँक्रीट तासाभरात आपोआप पक्कं होतं, आजी. तो वास मला ठाऊकच नाही."

तिने अहवालात 'सुरक्षित' लिहिलं आणि खाली निरोप धाडला. जिन्यात एकच गलका उठला.

मग तिने बाटलीतलं पाणी उन्हाने तापलेल्या गच्चीवर ओतलं. हौसाबाई गुडघ्यांवर हात टेकून वाकल्या, डोळे मिटून त्यांनी दीर्घ श्वास घेतला.

"नाही गं," त्या हळूच म्हणाल्या. "आता हिला तहानच राहिली नाही."