एक घर मागे

बारा वर्षांच्या गार्गीने वजीर पुढे सरकवला आणि लगेच तिला आपली चूक दिसली. नफिसाच्या एकट्या उरलेल्या राजाला शह नव्हता, पण हलायलाही घर नव्हतं. पंचांनी बरोबरी लिहिली. हा डाव जिंकली असती, तर गार्गी राज्य स्पर्धेला जाणार होती. आता गुणांत पुढे असलेली नफिसा जाणार.

व्हरांड्यात गार्गी डोळे पुसत बसली होती. नफिसा आपला पट घेऊन शेजारी टेकली.

"मागच्या वर्षी मीही असाच घालवला होता," म्हणत तिने तीच मांडणी केली. "वजीर एक घर मागे ठेव. आधी राजा जवळ आण."

गार्गीने तसं केलं. थोड्याच खेळ्यांत मात झाली.

"आता हरले," म्हणत नफिसाने हात पुढे केला.

गार्गीला हसू आलं. "तिकडे कुणाला असं शिकवत बसू नकोस हां."